युद्धकालीन लष्करी लॉरी : जीर्णोद्धार, फेरफार व नोंदणी

ऐतिहासिक साधन म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें बखर, महजर, ताम्रपट किंवा शिक्क्याचा कागद उभा राहतो. लोखंडाची लॉरी हेंहि साधन होय असें कोणीं म्हटल्यास वाचकांपैकीं पुष्कळांस हंसूं येईल. परंतु जिच्या अंगावर कर्त्याची नाममुद्रा, घडणीचा अनुक्रमांक, धन्याचा शिक्का व हस्तांतराच्या खुणा उमटल्या आहेत, जिच्यामागून कागदपत्रांची परंपरा चालत आली आहे, आणि जिच्यांत कालांतरानें प्रक्षेपहि झाले आहेत, अशी वस्तु हस्तलिखिताहून स्वभावतः फारशी निराळी नाहीं. दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी लॉऱ्या आतां ऐंशी वर्षांच्या झाल्या. ज्या उरल्या आहेत त्या एक तर भंगाराच्या भावानें मोडल्या जातात, नाहीं तर हौशी हातांत पडून नव्याकोऱ्या केल्या जातात. दोन्ही रीतींनीं पुरावा नष्ट होतो. म्हणून अशा लॉरीचें वाचन कसें करावें, तिचा जीर्णोद्धार कोठवर करावा, फेरफार कोणता चालेल व तिची सरकारी नोंद कशी शाबूत ठेवावी, याचा विचार प्रस्तुत लेखांत कर्तव्य आहे. उदाहरणादाखल कॅनडांत घडलेल्या व मुंबईशीं संबंध असलेल्या एका जातीची लॉरी घेतली आहे.

१. कुल व गोत्र

इ. स. १९३७ पासून कॅनडा सरकारनें फोर्ड व जनरल मोटर्स या कंपन्यांच्या तेथील शाखांकडून ब्रिटिश सैन्याच्या मापांस अनुसरून लष्करी गाड्यांचे नमुने तयार करविण्यास आरंभ केला. पहिलीचा कारखाना विंडसर येथें व दुसरीचा ओशावा येथें होता. दोन्ही गांवें ऑन्टॅरिओ प्रांतांतील. युद्ध संपेपर्यंत या नमुन्याच्या ४ लक्षांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. त्यांस ‘कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न’ अशी संज्ञा आहे. कॅनडांत रस्त्याची उजवी बाजू धरून वाहनें चालत असतां या गाड्यांचें चक्र मात्र बहुधा उजव्या अंगास आढळतें, याचें कारण त्या ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यासाठीं घडविल्या होत्या.

हिंदुस्थानांत जनरल मोटर्सचा गाड्या जोडण्याचा कारखाना मुंबईंत शिवडी येथें इ. स. १९२८ त सुरू झाला होता. फोर्ड कंपनीची हिंदी शाखा इ. स. १९२६ ची. कॅनडाहून सुट्या भागांच्या पेट्या समुद्रमार्गें येत व येथें गाड्या जोडल्या जात. पुष्कळदां पाठीमागील साटा येथील सुतारलोहारांच्या हातचा असे. यास्तव अशा लॉरीचा जन्म एका खंडांत व उपनयन दुसऱ्या खंडांत झालें असें म्हणण्यास हरकत नाहीं; तिचा साटा परदेशी लांकडाचा नाहीं एवढ्यावरून ती बनावट ठरत नाहीं.

२. वाचन

प्रथम मापपट्टी घ्यावी. पुढच्या व मागच्या आंसांतील अंतर १०१, १३४ किंवा १५८ इंच यांपैकीं एकाच्या जवळपास येतें, व त्यावरून लहान, मध्यम व लांब असे भेद कळतात. नांवांतील आद्याक्षर ‘सी’ असल्यास शेव्हरोले व ‘एफ्’ असल्यास फोर्ड समजावी. पुढील अंक भारवहनाचा असून तो हंड्रेडवेटांत, म्हणजे ११२ पौंडांच्या परिमाणांत आहे. १५, ३० व ६० हे अंक आढळतात. ६० म्हणजे ३ टन. पंधराच्या पुढें ‘ए’ असल्यास चारहि चाकांस गति मिळते. साठाच्या पुढें ‘एस्’ हें आंखूड व ‘एल्’ हें लांब सांगाड्याचें चिन्ह होय.

नंतर चालकाची खोली पाहावी. तिचे ११, १२ व १३ या अंकांनीं ओळखले जाणारे तीन क्रमिक नमुने आहेत. तेराव्या नमुन्यांत समोरील कांच वरच्या कडेनें पुढें झुकलेली असते. सूर्याची तिरीप विमानांतून दिसूं नये म्हणून ही योजना, असें सांगतात. अशी खोली असलेली लॉरी युद्धाच्या आरंभीची म्हणून कोणी विकूं लागल्यास सावध व्हावें. शेव्हरोलेचें इंजिन सहा नळकांड्यांचें, २१६ घनइंचांचें. फोर्डचें आठ नळकांड्यांचें, दोन फळ्यांत विभागलेलें, २३९ घनइंचांचें असतें.

मग शिक्के. ‘सी’ अक्षराच्या पोटांत बाणाचें टोक असा ठसा दिसल्यास ती कॅनडा सरकारच्या स्वीकाराची मुद्रा जाणावी. फोर्डच्या घडणीच्या बारीकसारीक बोल्टांवरहि ‘एफ्’ अक्षर आढळतें. एखादा बोल्ट बदलून टाकण्यापूर्वीं त्याचें डोकें पुसून पाहण्याची संवय असावी.

रंगाचे थर हा चौथा पुरावा. आडोशाची दोन बोटें जागा निवडून ती बारीक पॉलिश-कागदानें, पाणी लावीत, हळूहळू घांसावी. झाडाच्या वर्तुळांप्रमाणें एकाखालीं एक रंग उघडे पडतात. ब्रिटिश सैन्यांत इ. स. १९४२ पासून तपकिरी व १९४४ पासून हिरवट ऑलिव्ह रंग प्रमाण ठरला होता. खालच्या थरांत ज्या क्रमानें रंग मिळतील त्या क्रमानें ते टिपून ठेवावे, छायाचित्र घ्यावें, व ती जागा पुनः रंगवूं नये. जुन्या पोथीवर हरताळ फांसलेल्या जागीं मूळ अक्षर वाचण्याचा जो आनंद, तोच येथें आहे.

३. जीर्णोद्धार

मिलिंदप्रश्नांत नागसेन राजास विचारतो कीं, तूं ज्या रथांतून आलास तो रथ म्हणजे दांडी काय, आंस काय, कीं चाकें? राजा प्रत्येकास नाहीं म्हणतो, आणि रथ ही या सर्वांच्या मेळावर ठेवलेली संज्ञा ठरते. लॉरीच्या जीर्णोद्धारकापुढें हाच प्रश्न रोज उभा असतो. दार बदललें, टप बदलला, इंजिन बदललें. मग लॉरी कोणती? तत्त्वज्ञानास उत्तर अवघड असलें तरी व्यवहारास सोपें आहे. कायद्याच्या दृष्टीनें ज्या सांगाड्यावर अनुक्रमांक कोरला आहे तो सांगाडा म्हणजे लॉरी. तेव्हां त्या अंकास धक्का लागणार नाहीं हा पहिला नियम.

गंज काढावयाचा तो रॉकेल व पितळी तारेचा ब्रश यांनीं. अंकाच्या आसपास यांत्रिक घांसणी लावूं नये. अंक पुसट असल्यास रात्रीं दिवा बाजूस धरून तिरप्या उजेडांत वाचावा. शिलालेख वाचणारांस ही युक्ति सांगावयास नको.

दुसरा नियम जीवाशीं गांठ घालणारा आहे. या जातीच्या पुष्कळ गाड्यांचें चाक दोन तबकड्या बोल्टांनीं जुळवून केलेलें असतें. चाक आंसावरून काढण्याचे नट निराळे व दोन तबकड्या जोडणारे नट निराळे. टायरांत हवा असतां हे दुसरे नट सैल केल्यास तबकडी तोफेच्या गोळ्याप्रमाणें उडते. म्हणून सैन्यांत अशा नटांस लाल रंग देण्याची चाल होती. वर काळा रंग चढवून ती खूण बुजविणारा कारागीर पुढील मनुष्याचा घात करतो. हवा पूर्ण काढून, झडपेची सुई बाहेर घेऊन, मगच तबकड्या सोडवाव्या, आणि जोडतांना नट पुनः लाल करावे.

इंजिनाविषयीं थोडक्यांत सांगतों. शेव्हरोलेच्या दांड्यांतील बेअरिंग पांढऱ्या धातूचा रस ओतून केलेलें असतें. तें झिजल्यास नवें विकत आणून बसवितां येत नाहीं, पुनः ओतवून कातून घ्यावें लागतें. हें काम जाणणारे कारागीर थोडे राहिले आहेत; ते आहेत तोंवर करून घ्यावें. ब्रेकचे रबरी भाग, तेलाच्या नळ्या व विजेच्या तारा मात्र जुन्या ठेवण्याचा हट्ट धरूं नये. चालणाऱ्या वस्तूंत जीवरक्षण हें पुराणरक्षणाहून श्रेष्ठ. काढलेले जुने भाग चिठ्ठी लावून पेटींत ठेवावे म्हणजे झालें.

४. फेरफार

युद्धानंतर शिल्लक मालाच्या विक्रींत या लॉऱ्या खाजगी धन्यांकडे गेल्या. पेट्रोलचा खर्च परवडेना म्हणून पुष्कळांनीं मूळ इंजिन काढून डिझेल इंजिन बसविलें. मद्रास येथें सिंप्सन कारखान्यांत बनूं लागलेलीं पर्किन्स इंजिनें या कामीं विशेष पसरलीं. आतां जीर्णोद्धारकानें तें डिझेल इंजिन काढून पेट्रोलचें बसवावें काय? माझ्या मतें, विचार केल्यावांचून नाहीं. प्रक्षेप जुना झाला म्हणजे तोहि इतिहास होतो. मालकाच्या दोन पिढ्यांनीं त्यावर पोट भरलें आहे. मूळचें इंजिन खरोखर हातीं असेल तर गोष्ट निराळी. कोठून तरी आणलेलें त्याच जातीचें इंजिन बसवून ‘मूळ स्थिति’ म्हणणें हें दुसऱ्या पोथींतील पान शिवण्यासारखें आहे.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तींत डॉ. सुकथनकरांनीं जो पाठ निश्चित नाहीं त्याखालीं नागमोडी रेघ देण्याची पद्धति ठेविली. तसेंच येथेंहि करावें. नवा घडविलेला प्रत्येक भाग, नजरेस न येणाऱ्या बाजूस, वर्षाच्या अंकानें खुणावा. पन्नास वर्षांनीं पाहणारास मूळ कोणतें व पूरण कोणतें हें क्षणांत कळेल.

कायद्याचाहि येथें संबंध येतो. इ. स. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, निर्मात्यानें दिलेल्या मूळ वर्णनाशीं नोंदणीपत्राचा तपशील विसंगत होईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. सांगाडा कापून आंखूड करणें, मागील आंस कमी करणें, असले प्रकार परदेशांतील चित्रें पाहून येथेंहि होऊं लागले आहेत. त्यांनीं साधनाची हानि होते व नोंदहि धोक्यांत येते.

५. नोंदणी

सैन्याची गाडी सैन्यांत असेपर्यंत साध्या नोंदणी-कचेरीच्या बाहेर असते. वरील कायद्याच्या ६० व्या कलमाप्रमाणें तिची नोंद केंद्र सरकारनें नेमलेला निराळा अधिकारी करतो. तिच्या पाटीवर आरंभीं बाण व पुढें वर्षाचे दोन अंक असतात. ती सरकारच्या मालकींतून गेली म्हणजे सामान्य कलमें लागू होतात. मग मालकानें २० व्या नमुन्यांत अर्ज करावयाचा व त्यास २१ व्या नमुन्यांतील मूळ विक्रीचा दाखला जोडावयाचा, असें इ. स. १९८९ च्या केंद्रीय नियमांत माजी-लष्करी गाड्यांविषयीं स्पष्ट म्हटलें आहे. अमेरिकेंतहि तत्त्व हेंच : तेथील सरकार खरेदीदारास ९७ क्रमांकाच्या नमुन्याचें प्रमाणपत्र देतें व त्यावरून घटक राज्य मालकीपत्र करून देतें. मूळ दाखला हरवला कीं पुढची सारी सांखळी लोंबकळते.

अर्जाच्या नमुन्यांतील एक गोष्ट आपल्या वाचकांस आवडेल. सांगाड्याच्या अंकाचा शिसपेन्सिलीनें घेतलेला ठसा त्यावर लावावा लागतो. म्हणजे ताम्रपटाचा ठसा घेण्याची जी विद्या आपण पुरातत्त्वासाठीं शिकलों, ती सरकार प्रत्येक मोटारवाल्याकडून करवून घेतें.

इ. स. २०२१ च्या जुलैंत पन्नास वर्षांवरील वाहनांसाठीं निराळे नियम निघाले. त्यांत नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क, १० वर्षांची मुदत व ‘व्हीए’ अक्षरांची निराळी मालिका आहे. अशीं वाहनें प्रदर्शन, संशोधन, मेळावा, तेल भरणें व दुरुस्ती एवढ्याच कामीं रस्त्यावर आणावयाचीं. सांगाडा, खोळ किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा अशी अट आहे. परंतु हे नियम दुचाकी व प्रवासी मोटारी या वर्गांपुरतेच आहेत. युद्धकालीन जीप त्यांत बसूं शकेल, मालवाहू लॉरी अक्षरशः पाहतां बसत नाहीं. लॉरीच्या मालकास सामान्य नियमांच्याच आधारें चालावें लागतें, आणि म्हणून त्याच्या जुन्या कागदांचें मोल अधिक.

६. एक उदाहरण

या कागदांचें मोल किती, याचें एक उदाहरण माझ्या पाहण्यांत आलें. एका शेतकरी कुटुंबांत आजोबांनीं घेतलेली लांब सांगाड्याची लॉरी होती. नातवानें ती आपल्या नांवें करण्यासाठीं अर्ज केला, तेव्हां नोंदणीपत्रांतील अंक व सांगाड्यावरील अंक जुळेनात; एके ठिकाणीं ८ तर दुसरीकडे ३. गाडी चोरीची असावी असा संशय आला. एका मध्यस्थानें अंक घांसून कागदाप्रमाणें नवा ठोकून देण्याची तयारी दाखविली. असें करणें हा गुन्हा तर आहेच, शिवाय एकमेव खरा साक्षीदार मारण्यासारखें आहे. भंगारवाल्याशीं सौदाहि ठरला होता. सुदैवानें जमिनीच्या कागदांच्या रुमालांत विक्रीचा मूळ दाखला मिळाला. त्यांत अंक ३ होता, व पेन्सिलीच्या ठशांतहि ३. चालू नोंदणीपत्र ही मागाहून काढलेली दुसरी प्रत होती आणि तिच्या लेखकानें ३ चा ८ केला होता. लेखकप्रमादाचें याहून शुद्ध उदाहरण पाठ्यपुस्तकांतहि मिळणार नाहीं. मूळ दाखला, ठसा व छायाचित्र असा तिहेरी पुरावा सादर झाल्यावर कांहीं महिन्यांनीं नोंद दुरुस्त झाली, व लॉरी वांचली.

७. संग्राहकांस विनंति

येथून पुढें जुन्या वाड्यांतील दप्तरें चाळतांना मोडी कागदांच्या तळाशीं लिलांवाची पावती, कराचें चिटोरें, विम्याचा कागद किंवा गाडीची पुस्तिका सांपडल्यास ती अर्वाचीन म्हणून बाजूस टाकूं नये. तिच्यावरील अंक टिपून घ्यावा व गाडी कोठें आहे याची चौकशी करावी. गाडी नसली तरी कागद ठेवावा. कारण गाडी दुसऱ्याच्या आवारांत उभी असून या एका कागदावांचून मोडीत निघण्याच्या वाटेवर असेल. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनीं अंकाचे तीन ठसे घेऊन ते तीन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवावे, रंगाच्या थरांची नोंद करावी, आणि बदललेल्या भागांची यादी गाडींतच एका डब्यांत ठेवावी. एवढें झालें तर लोखंड गंजलें तरी तिचा वृत्तांत पुढील पिढीच्या हातीं राहील.