वायरला कात्री लावू नका!

गाडी नवी असो की बाबांच्या नावावरची सेकंडहँड, ती हातात आली की पहिल्याच महिन्यात 'लावून घ्यायच्या' गोष्टींची यादी तयार होते. मॅप लावला की फोनची बॅटरी दुपारपर्यंत मान टाकते, म्हणून हँडलवर चार्जर हवा. पावसाळ्यात ताम्हिणी, माळशेज करायचं, म्हणून फॉगलाइट हवेत. पुढच्या ट्रकला ऐकू जावा असा हॉर्न हवा. मग अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानासमोर गाडी लावायची आणि चहाला जायचं. परत येईपर्यंत दुकानातल्या दादानं हेडलाइटची वायर कापून, सोलून, तिच्यात नव्या लाइटची वायर पिळून वर काळी टेप गुंडाळलेली असते. लाइट लागतात. दादा खूश, तुम्ही खूश.

खरी गंमत दोन पावसांनंतर सुरू होते. कधी मीटर बंद, कधी सेल लागत नाही, कधी इंडिकेटर आपल्या मर्जीनं चालतो. मेकॅनिककडे गेलं तर गाडी शहाण्यासारखी वागते, घरी आलं की पुन्हा तेच. आणि हा खेळ रात्री घाटातल्या वळणावर झाला, तर प्रश्न फक्त पैशांचा उरत नाही.

यावर उपाय सोपा आहे. गाडीला हवं ते लावा, पण कंपनीनं दिलेली एकही वायर कापू नका. हे जमतं. त्यासाठी इलेक्ट्रिकलचं इंजिनीअरिंग लागत नाही, बारावीचं फिजिक्स पुरतं.

कापलेली वायर काय करते?

कंपनीच्या वायरिंगमधली प्रत्येक वायर तिच्यावर पडणाऱ्या भारानुसार जाड किंवा बारीक ठेवलेली असते आणि तिचा फ्यूज त्याच हिशोबानं निवडलेला असतो. हेडलाइटच्या वायरवर आणखी दोन लाइट टांगले की ती तापते. भारतात एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा हेडलाइट इंजिन सुरू असेपर्यंत चालूच राहतो. म्हणजे त्या वायरवर आधीच कायम भार असतो आणि तुम्ही त्यात भर टाकता. फ्यूज उडाला, तर फॉगलाइटसोबत हेडलाइटही जातो. अंधारात नेमकं जे नको तेच होतं.

दुसरा घोटाळा पिळलेल्या जोडाचा. दोन वायरी एकमेकींना जेमतेम टेकलेल्या असतात, त्यामुळे तिथं रेझिस्टन्स वाढतो आणि उष्णता तयार होते. पावसाचं पाणी टेपखाली शिरतं, तांब्याच्या तारांमधून आत झिरपतं आणि तांबं हिरवं-काळं पडत जातं. बिघाड मग जोडाच्या जागी दिसेलच असं नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आल्यापासून नव्या मोटारसायकली जवळपास सगळ्याच फ्यूएल इंजेक्शनच्या आहेत. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. म्हणजे त्याच जुडग्यात लाइटच्या वायरींशेजारी सेन्सरच्या वायरीही धावतात आणि त्यातल्या अनेक १२ नव्हे, ५ व्होल्टवर चालतात. अंदाजानं एखादी वायर सोलली आणि ती नेमकी सेन्सरची निघाली, तर इंजिनचा किंवा एबीएसचा दिवा मीटरवर मुक्कामाला येतो. अशा वेळी 'वायरिंगला हात लावलाय' म्हणून वॉरंटी नाकारली जाऊ शकते. आपल्या गाडीच्या पुस्तिकेतलं ते पान एकदा वाचाच.

आणि हो, वायरवर चिमटून बसणारी ती प्लास्टिकची क्लिप मिळते ना, तिच्या आतलं पातं वायरचं कव्हर कापतच असतं. काही वेळा आतल्या तारांनाही चरे पाडतं. कात्री वापरली नाही, एवढाच काय तो फरक.

आधी हिशोब, मग खरेदी

वॉट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. एवढं सूत्र पुरे.

जुन्या पद्धतीचे ५५ वॉटचे दोन हॅलोजन लाइट म्हणजे ११० वॉट. भागिले १२, म्हणजे ९ अँपिअरच्या वर. छोट्या गाडीला हे झेपणारं नाही. २० वॉटचे दोन एलईडी म्हणजे ४० वॉट, साधारण ३.३ अँपिअर. १८ वॉटचा फास्ट चार्जर स्वतः थोडी वीज खातो, म्हणून तो साधारण पावणेदोन अँपिअर धरा. दोन्ही मिळून ५ अँपिअर. हे शक्य आहे.

शक्य आहे म्हणजे गाडीला झेपेलच असं नाही. त्याची परीक्षा अशी: सगळं लावून झाल्यावर गाडी सुरू करा, सगळे लाइट आणि चार्जर चालू करा, थोडी रेस ठेवा आणि मल्टिमीटरनं बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा. १३.५ ते १४.५ च्या दरम्यान आलं तर बॅटरी चार्ज होतेय. १३ च्या खालीच रेंगाळत असेल तर तुम्ही कमाईपेक्षा जास्त खर्च करताय. लाइट कमी वॉटचे घ्या.

काम रिलेचं

रिले म्हणजे विजेवर चालणारं बटण. छोट्या करंटनं आतली कॉइल ओढली जाते आणि मोठ्या करंटचा रस्ता उघडतो. ही युक्ती तुमच्या गाडीत आधीपासून आहे. सेलचं बटण दाबता तेव्हा स्टार्टर मोटरचा सगळा करंट काही त्या बारक्या बटणातून जात नाही. बटण फक्त रिलेला सांगतं आणि रिले बॅटरीतून मोटरला करंट देतो.

आपणही तेच करायचं. लाइट आणि चार्जरची वीज थेट बॅटरीतून घ्यायची. गाडीच्या वायरिंगकडून फक्त 'चावी चालू आहे' एवढा निरोप घ्यायचा. या निरोपाला साधारण ०.१५ अँपिअर लागतात. गाडीला ते जाणवतही नाही.

रिलेच्या पायांवर नंबर छापलेले असतात. ३० नंबरला बॅटरीची पॉझिटिव्ह वायर, फ्यूजमधून. ८७ नंबरपासून पुढं लाइट आणि चार्जर. ८५ ला निगेटिव्ह, ८६ ला चावीचा निरोप. झालं.

चार्जर थेट बॅटरीला जोडला तर काय बिघडतं, असं वाटेल. चार्जरवरचा तो निळा दिवा आणि आतलं सर्किट मिळून २० मिलिअँपिअर खातात असं धरू. दिवसाला ०.४८ अँपिअर-अवर. अनेक छोट्या गाड्यांची बॅटरी ४-५ अँपिअर-अवरची असते. परीक्षेसाठी किंवा दिवाळीला गावी गेलात आणि गाडी आठवडाभर उभी राहिली, तर जवळपास साडेतीन अँपिअर-अवर गायब. परत आल्यावर किक मारा, आणि किक नसेल तर धक्का!

निरोप कुठून घ्यायचा?

वायर न कापता निरोप मिळवायचे तीन मार्ग आहेत.

पहिला, गाडीतच दिलेला जादा कपलर. काही कंपन्या अ‍ॅक्सेसरीजसाठी तो रिकामा सोडतात. सीटखाली किंवा हेडलाइटच्या मागे शोधा, सर्व्हिस सेंटरला विचारा.

दुसरा, मधला तुकडा. नंबरप्लेटच्या दिव्याचा किंवा पार्किंग लाइटचा कपलर सोडवा. तशाच मापाचे नर आणि मादी कपलर आणा, त्यांच्यामध्ये वीतभर वायर टाका आणि त्या नव्या तुकड्यातून तिसरी वायर काढा. हा तुकडा मूळ दोन कपलरच्या मध्ये बसवला की दिवाही चालतो आणि निरोपही मिळतो. काढायचा असेल तेव्हा तुकडा उपसा, मूळ कपलर पुन्हा एकमेकांत घाला. पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर असं सामान मिळू शकतं. जुना कपलर किंवा त्याचा फोटो सोबत न्या.

तिसरा, फ्यूज टॅप. फ्यूज काढून त्या जागी हा बसवायचा. त्यात दोन फ्यूजची जागा असते, एक मूळचा आणि एक आपला. एबीएस आणि फ्यूएल इंजेक्शनच्या फ्यूजला मात्र हात लावायचा नाही. टॅप सुलटा बसलाय का हे असं तपासा: त्यातला मूळ फ्यूज काढून चावी फिरवा. आपली नवी वायर तरीही चालू असेल तर बरोबर. बंद पडली तर टॅप उलटा फिरवून बसवा.

हॉर्नसाठी तर आणखी सोपं आहे. बऱ्याच गाड्यांत मूळ हॉर्नला दोन चपट्या पिना असतात. त्यावरच्या दोन वायरी काढून थेट रिलेच्या ८५ आणि ८६ वर बसवा. बटण तेच, वायरी त्याच, नवा हॉर्न मात्र बॅटरीवर.

जोडणी, क्रमानं

एक: चावी बंद. बॅटरीची आधी निगेटिव्ह वायर सोडा, मग पॉझिटिव्ह. लावताना उलट. पान्याचा धक्का चेसिसला लागला तरी ठिणगी पडू नये म्हणून हा क्रम.

दोन: मुख्य फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभराच्या आत. फ्यूज लाइटला नाही, वायरला वाचवतो. बॅटरी आणि फ्यूजमधली वायर कुठं घासली गेली तर तिला वाचवायला कोणी नसतं, म्हणून तो तुकडा जितका छोटा तितका बरा.

तीन: वरच्या उदाहरणात मुख्य फ्यूज १० अँपिअर (लाल), लाइटला ५ (फिकट तपकिरी), चार्जरला ३. मुख्य वायर १.५ स्क्वेअर एमएम, पुढच्या १ स्क्वेअर एमएम. घरातली कडक वायर नको, बारीक तारांची ऑटो केबल घ्या. आणि फ्यूज उडतोय म्हणून मोठा टाकायचा नाही. तो का उडतोय ते शोधायचं.

चार: बॅटरीच्या बोल्टवर वायर गुंडाळू नका. गोल थिंबल घ्या, क्रिम्पिंगच्या पकडीनं दाबा, वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. मग ओढून बघा. हातानं सुटला तर तो जोड नव्हताच.

पाच: नव्या वायरी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून तपासा. ताण येता कामा नये. सायलेन्सर आणि इंजिनपासून लांब ठेवा, टाकीखाली चेमटू देऊ नका. कपलरच्या अलीकडे वायरला खाली झोका द्या, म्हणजे पावसाचं पाणी कपलरमध्ये न जाता झोक्यावरून गळून जाईल.

सहा: सगळं बसल्यावर प्रत्येक वायरवर चिठ्ठी चिकटवा आणि एक साधी आकृती काढून फोनमध्ये ठेवा. सहा महिन्यांनी तुम्हालाच लागेल.

लावता येतं म्हणून सगळं चालत नाही

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ११९ वेगवेगळ्या सुरांत वाजणाऱ्या आणि कर्कश हॉर्नना मनाई करतो. कायद्यात न बसणारा बदल केला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ए नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मालक म्हणजे आरसी बुकवर ज्यांचं नाव आहे ते. बहुतेक वेळा तुमचे आई-बाबा! लाइट घेण्याआधी आरटीओत विचारा. ते रस्त्याकडे झुकवून बसवा आणि शहरात बंद ठेवा. समोरून येणारा आंधळा झाला तर तुमचे लाइट कितीही चांगले असून उपयोग नाही.

स्वतः करणार नसाल तर

काही हरकत नाही. पण चहाला जाऊ नका, शेजारी उभे राहा. काम सुरू होण्याआधी एवढंच बोला: "दादा, कंपनीची वायर कापायची नाही. रिले लावा, बॅटरीजवळ फ्यूज टाका, जोड कपलरनंच करा." वेळ जास्त लागेल, मजुरी थोडी वाढेल, ती द्या. दादा हसून म्हणाला, 'काही होत नाही रे, हजार गाड्या केल्यात,' तर गाडी काढून दुसऱ्या दुकानात जा. ज्याला रिले कशाला हे माहीत आहे, तो हसत नाही.

अशा कामाचा आणखी एक फायदा गाडी विकताना कळतो. तीन कपलर उपसले, बॅटरीवरचे दोन थिंबल सोडले की गाडी शोरूममधून आली तशी होते. लाइट, चार्जर आणि रिले पिशवीत भरायचे आणि पुढच्या गाडीला लावायचे.