भव्यतेच्या शोधात (६) : न ऐकणारा घोडा

आज खेळाच्या संगीताची पाळी होती. ती पुढच्या आठवड्यावर गेली, कारण 'शॅडो ऑफ द कोलोसस'वरचा लेख वाचून एका वाचकाने नेमका प्रश्न टाकला आहे: एवढा अफाट मुलूख, पण सोळा महाकाय प्राणी सोडले तर लढायला कोणी नाही. गाव नाही, दुकान नाही. मग मधल्या रपेटीचा कंटाळा कसा येत नाही?

याचं उत्तर अग्रो, म्हणजे खेळाचा नायक वाँडर याचा काळा घोडा.

फुमितो उएदा यांच्या चमूने २००५ साली प्लेस्टेशन २वर हा खेळ आणला. खेळांमधला घोडा एरवी चार पायांची मोटरसायकलच असतो. अग्रोचं तसं नाही. वेग हवा तर पुन्हा पुन्हा टाच मारावी लागते. तो वळायला वेळ घेतो, अरुंद वाटेवर मोकळा सोडला तर आपली वाट आपणच काढतो, आणि कधी कधी चक्क ऐकत नाही. अनेकांना ती नियंत्रणातली खोट वाटली, पण उएदांनी ते मुद्दाम केलं होतं: खरा घोडाही दरवेळी कुठे ऐकतो?

त्यामुळे अंतर अंगाला जाणवतं. १९९६च्या 'डॅगरफॉल' या खेळाचा नकाशा याहून कित्येक पटींनी मोठा. त्याची तुलना थेट ग्रेट ब्रिटनशी होत आली आहे. पण तिथे नकाशावर गाव निवडलं की माणूस पोहोचलाच, मधला प्रदेश न पाहता. इथे प्रत्येक लढाईनंतर वाँडर पुन्हा मधल्या देवळात येऊन पडतो. पुढच्या प्राण्याची दिशा उन्हात उंचावलेली तलवार दाखवते, सावलीत तेवढंही नाही. बाकी सगळी दौड ज्याची त्याने करायची.

तेराव्या प्राण्यापाशी या हट्टी घोड्याचा खरा उपयोग कळतो. हा प्राणी वाळवंटावर उडतो. त्याच्या पोटाखालच्या पिशव्या बाणांनी फोडल्या की तो खाली येतो आणि पंख वाळूत घासू लागतात. मग भरधाव घोड्यावरून त्या पंखावर झेप घ्यायची. धनुष्याचा नेम धरताना लगामाकडे बघायला सवड नसते. धावणं अग्रोवर सोपवावंच लागतं. एरवी आपल्या मर्जीने चालणारा घोडा इथे भरवशाचा ठरतो.

(ज्यांना हा खेळ अजून खेळायचा आहे, त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा.)

सोळाव्या प्राण्याच्या वाटेवर पूल कोसळतो. अग्रो वाँडरला पलीकडे झुगारून देतो आणि स्वतः दरीत पडतो. पुढची वाट पायी. शेवटचा प्राणी समोर बुरुजासारखा उभा, आणि तिथवरचं मैदान चर-खंदकांचा आडोसा घेत, एकट्याने ओलांडायचं. तो प्राणी सगळ्यांत प्रचंड वाटतो, त्यात त्याच्या उंचीइतकाच घोडा नसण्याचाही वाटा आहे.

उएदांनी हाच धागा २०१६च्या 'द लास्ट गार्डियन' या खेळात पार टोकाला नेला. तिथला त्रिको हा अवाढव्य जीव हाक मारली तरी बराच वेळ नुसता बघत बसतो, आणि तक्रारीही अगदी त्याच आल्या.

'शॅडो ऑफ द कोलोसस'चं को ओतानींनी दिलेलं संगीत पुढच्या आठवड्यात. अग्रोच्या रपेटीत ते बहुतेक गप्पच असतं, सुरुवात तिथूनच.