शनवार तेल्यांचा धडा

अलिबाग, पेण, रोहे या कोकणपट्टीत बेने इस्रायल हा मराठी बोलणारा ज्यू समाज शतकानुशतके राहत आला. तेलाचा घाणा हा त्यांचा पूर्वापार धंदा. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. पेणकर, किहीमकर, दिवेकर अशी त्यांची आडनावे गावांवरूनच पडली. सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले.

ही शनिवारची विश्रांती आली कोठून? ज्यू लोकांच्या पवित्र ग्रंथांतील पहिल्या पाच पुस्तकांस ‘तोराह’ म्हणतात. सहा दिवस काम करावे व सातव्या दिवशी विसावा घ्यावा, अशी त्यात आज्ञा आहे. परंतु ती केवळ घरधन्यापुरती नाही. दास-दासी, गुरेढोरे आणि गावात राहणारा परका, या सर्वांना त्या दिवशी विसावा मिळाला पाहिजे. आपणही एके काळी मिसर देशात दास्यात होतो याची आठवण ठेवा, असे कारणही तेथे दिले आहे. मजुराची मजुरी त्याच दिवशी सूर्यास्तापूर्वी चुकती करावी, शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी व परक्यांसाठी राखावे, हेही नियम त्याच ग्रंथातील होत.

परक्याला कसे वागवावे, याचे दुसरे टोक आपल्या गोमंतकाने पाहिले. येथे १५६० साली धर्मन्यायासन आले. वनौषधींवरील ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापणारे वैद्य गार्सिया द ओर्ता ज्यू वंशाचे होते. त्यांच्या मृत्यूनंतर, १५८० साली, त्यांच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. कोकणातील शेजाऱ्यांनी मात्र निराळ्या आचाराच्या माणसांना फक्त एक नाव दिले व गावात आपलेसे केले.

आज आपल्या वास्कोत मुरगाव बंदरामुळे दूरदूरच्या प्रांतांतून कष्टकरी येतात. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंनाही घर असते, मुले असतात. रविवारी आपण उशिरा उठतो, तेव्हा त्यांना सुटी असते काय? गवंड्याची मजुरी आपण ‘उद्या या’ म्हणून अडवून तर ठेवीत नाही ना? ज्या विश्रांतीचा भार दुसऱ्याच्या पाठीवर पडतो, ती विश्रांती अपुरीच होय. विद्यार्थिमित्रहो, हा हिशेब आपण प्रत्येकाने आपल्या घरापासून मांडावा.