संयुक्त खाते

घाटनांदूर स्टेशनात परळीकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. पलीकडच्या मोकळ्या जागेत चार मुली रिलेचा सराव करीत होत्या. बॅटन म्हणून लाटण्याएवढी काठी. ती दर खेपेला नेमकी तिसरीच्या हातून पडे. मला मेरी डिसूझा आठवल्या.

वांद्र्याच्या मेरींच्या नावावर १९५१ च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धेत २०० मीटरचे कांस्यपदक होते. तरी १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकला निघताना वाटखर्चाची पंचाईत! स्नेह्यांनी नाचाचा, पत्त्यांचा कार्यक्रम ठेवून पैसे जमवले. (जन्मभर कर्जाचे अर्ज तपासलेला मी, हा अर्ज मंजूर केला असता का, कोण जाणे.) तिथे १०० आणि २०० मीटरमध्ये त्या प्राथमिक फेरीतच बाद झाल्या. पण १९५४ मध्ये मनिलाच्या आशियाई स्पर्धेत ४ बाय १०० मीटर रिलेचे सुवर्ण मिळाले. सोबत स्टेफी डिसूझा, व्हायोलेट पीटर्स, ख्रिस्तीन ब्राऊन. आमच्या भाषेत हे संयुक्त खाते. एकीच्या सहीने काही निघत नाही. म्हणूनच की काय, मेरींना ध्यानचंद पुरस्कार मिळाला तो २०१३ मध्ये, वयाच्या ऐंशीनंतर.

गाडी आली तेव्हा तिसरीने काठी घट्ट धरली होती. चौथी मात्र आधीच पळत सुटली होती.