कॉम्प्युटर अपग्रेड करताय? आधी फोनमधले फोटो नीट उतरवून घ्या

सुट्टीत अकोटला घरी गेलो की दोन प्रश्न ठरलेले. "फोन भरला, फोटो कुठं टाकू?" आणि "आपला कॉम्प्युटर एवढा स्लो कामून चालते रे?" दोन्हींची उत्तरं सोपी आहेत, पण क्रम चुकवू नका. मी चुकवला होता.

आजीचे व्हिडिओ मी फोनमधून 'कट' करून कॉम्प्युटरवर 'पेस्ट' केले. स्क्रीनवर काम झालेलं दिसलं आणि तेवढ्यात लाईट गेली. आजीचा भाकरी थापतानाचा व्हिडिओ ना फोनमध्ये राहिला, ना कॉम्प्युटरमध्ये उघडला. आजी आता नाही.

असं का होतं? कॉम्प्युटर फाईल आधी तात्पुरत्या मेमरीत घेतो, मग हार्ड डिस्कवर लिहितो. मध्येच लाईट गेली तर लिहिणं अर्धवट राहू शकतं. 'कट' केलं असेल तर फोनमधली मूळ फाईलही तोवर पुसलेली असते.

फोटो असे उतरवा

१. फोन केबलने जोडा. नोटिफिकेशनमध्ये 'चार्जिंग'ऐवजी 'फाईल ट्रान्सफर' निवडा.
२. 'डीसीआयएम' फोल्डर कॉपी करा. कट नाही!
३. फाईलींची संख्या जुळवा, चार-पाच व्हिडिओ चालवून बघा.
४. दुसरी कॉपी पेन ड्राईव्हवर ठेवा. ४ जीबीपेक्षा मोठी फाईल जात नसेल तर रिकामा पेन ड्राईव्ह 'एक्सफॅट'मध्ये फॉरमॅट करा.
५. मगच फोनमधून डिलीट करा.

व्हॉट्सॲपवरून पाठवायचंच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर क्वालिटी कमी होते.

आता अपग्रेड

स्लो कॉम्प्युटरचं दुखणं बहुतेक वेळा जुनी हार्ड डिस्क असते. ती सेकंदाला साधारण १०० एमबी वाचते, तर साधी साटा एसएसडी ५०० च्या आसपास. एसएसडी बसवा, रॅम ८ जीबी करा. नवीन कॉम्प्युटरचा खर्च बऱ्याचदा वाचतो.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि ठरावीक प्रोसेसर लागतात. तुमचा कॉम्प्युटर त्यात बसतो का, ते मायक्रोसॉफ्टच्या 'पीसी हेल्थ चेक' ॲपवर आधीच बघा.

आणि एसएसडी टाकल्यावर जुनी हार्ड डिस्क लगेच फॉरमॅट करू नका. महिनाभर कपाटात राहू द्या. एसएसडी पुन्हा विकत मिळते, आजीचा आवाज नाही.