कोठीवरचा शक्तिमान

दिवाळीच्या आधी धान्याची कोठी पुसायला घेतली, तर तिच्यावरचा शक्तिमान अजून तसाच! लाल रंग उडून गुलाबी झालाय, एक हात गायब, पण छातीवरचं सोनेरी चक्र शाबूत.

मैत्रिणींनो, १९९७ च्या मे महिन्यात लग्न होऊन मी तासगावात आले. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला, शनिवारी सकाळी, दूरदर्शनवर 'शक्तिमान' सुरू झालं. मोठ्या जाऊबाईंचा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. आळीतली सगळी पोरं आमच्या सोप्यात जमायची. ऐन वेळी लाईट गेली की रडारड! पुढं मालिका रविवारी दुपारी गेली आणि २००५ पर्यंत चालली. प्रायोजक पार्ले-जी. शक्तिमानच्या वस्तू भेट मिळायच्या, त्यापायी बिस्किटांचे किती पुडे आणले असतील देव जाणे! पुतण्यानं स्टिकरची वहीच केली होती. दोन गोट्यांना एक स्टिकर, असा त्यांचा बाजारभाव.

एके दिवशी गळ्यात टॉवेल बांधून, गरागरा फिरून त्यानं गोठ्याच्या पत्र्यावरून उडी टाकली. हात मोडला. माझी नक्कल करू नका, असं मुकेश खन्ना पडद्यावरून मुलांना सांगायचे, पण ऐकतंय कोण? त्या रात्री जाऊबाईंनी वही बंबात घातली. मी बघत होते. नवी सून, काय बोलणार? 'भंगारात गेली असेल,' एवढंच पोराला सांगितलं गेलं.

अमेरिकेत शनिवारची सकाळ म्हणजे वर्षानुवर्षं मुलांच्या कार्टूनची वेळ होती. तिथली माणसं सुपरमॅन, बॅटमॅनचे चित्र असलेले जुने पत्र्याचे डबेसुद्धा जपतात, पैसे मोजून विकत घेतात. आपण बायका मात्र सणाच्या आवराआवरीत पोरांचा खजिना आधी बाहेर काढतो. मीही काढलाय.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शननं 'शक्तिमान' पुन्हा दाखवलं. पुतण्या पुण्यात, लेकीला मांडीवर घेऊन बघायचा. तेव्हापासून त्याचा फोन आला की एकच, "काकू, माळ्यावर माझी वही बघ ना."

दिवाळीला आला आणि कोठीवरचं स्टिकर नखानं सोडवायला लागला.

"राहू दे, फाटेल," जाऊबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "वही मीच जाळली रे. तुझा हात मोडलेला... राग कुणावर काढू?"

तो काही बोलला नाही. लेकीला उचलून घेतलं आणि कोठीवरचा शक्तिमान दाखवत राहिला.