द्रवाचा दाब आणि डोलकाठीचा ताण

झाशी शहर समुद्रापासून फार दूर आहे. तेथे शिडाची नौका पाहावयास मिळत नाही. परंतु रेल्वेच्या वाघिणी दुरुस्त करणारा कारखाना १८९५ पासून तेथे आहे. अशा कारखान्यांत अवजड वाघीण उचलण्यासाठी द्रवचालित जॅक वापरतात. कामगार दांडा वरखाली करतो आणि लोखंडाचा प्रचंड सांगाडा हळूहळू वर येतो. ज्या तत्त्वावर हा जॅक चालतो, त्याच तत्त्वाने भर समुद्रात शिडाच्या नौकेची डोलकाठी ताणून धरता येते. हे कसे घडते आणि ही यंत्रणा जुनी झाल्यावर तिची दुरुस्ती कशी करतात, ते आपण या पाठात पाहू.

तत्त्व आणि रचना

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा नियम सतराव्या शतकात ब्लेझ पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडला. समजा, पंपाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ १ चौरस सेंटिमीटर व मोठ्या दट्ट्याचे २० चौरस सेंटिमीटर आहे. लहान दट्ट्यावर १० किलोग्रॅम भार दिला, तर मोठा दट्ट्या २०० किलोग्रॅम भार पेलतो. मात्र लहान दट्ट्या २० सेंटिमीटर सरकतो, तेव्हा मोठा केवळ १ सेंटिमीटर हलतो. येथे बळ वाढते, पण त्याची किंमत अंतराने मोजावी लागते.

नौकेची डोलकाठी पोलादी तारांनी चहूबाजूंनी बांधलेली असते. तिच्या टोकापासून नौकेच्या मागील भागापर्यंत येणाऱ्या तारेत काही नौकांवर द्रवचालित सिलिंडर बसवतात. हातपंपाने तेल दाबले की दांडा आत ओढला जातो व तार ताणली जाते. त्यामुळे पुढची तारही ताठ होते आणि वाऱ्याच्या जोराप्रमाणे शिडाला योग्य आकार देता येतो.

बिघाडाचा शोध

कालांतराने रबरी सील कडक होतात, खाऱ्या पाण्याने दांड्यावर चरे पडतात, तेलात पाणी शिरून ते दुधाळ दिसू लागते. मग ताण टिकत नाही. अशा वेळी पंप आणि सिलिंडर यांमधील झडप बंद करून पाहावी. पंपाकडील दाबमापकाचा काटा तरीही उतरत असेल, तर दोष पंपाच्या झडपांत असतो. काटा स्थिर राहिला, तर तो नळीत किंवा सिलिंडरात असतो. गळती बोटाने कधीही चाचपू नये. सूक्ष्म छिद्रातून निघणारी तेलाची धार त्वचा भेदून शरीरात शिरते व ही जखम वरवर क्षुल्लक दिसली तरी गंभीर ठरते. त्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा.

दुरुस्तीचा क्रम

प्रथम डोलकाठीला मागून मजबूत दोराचा तात्पुरता आधार द्यावा. त्यानंतरच तेलाचा दाब पूर्ण सोडावा. काही सिलिंडरांत दांडा परत बाहेर ढकलण्यासाठी दाबाखालील वायू भरलेला असतो. तो सोडल्याविना सिलिंडर उघडणे प्राणघातक ठरू शकते. सुटे भाग स्वच्छ जागी काढावेत, कारण धुळीचा एक कणही नव्या सीलला ओरखडतो. दांड्यावर चरा राहिला, तर नवे सीलही लवकरच फाटते. म्हणून केवळ सील बदलणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. ते का फाटले, हे शोधणे हीच खरी दुरुस्ती होय. तेलही निर्मात्याने सांगितलेलेच भरावे. चुकीच्या तेलाने रबर फुगते. शेवटी यंत्रणेतील हवा काढून टाकावी. हवा दाबली जाते, त्यामुळे पंप मारूनही ताण नीट येत नाही. आधी कमी दाबावर चाचणी घेऊन मगच दाब वाढवावा.

सागरावरील कसोटी

किनाऱ्यावर गैरसोय वाटणारा बिघाड समुद्रात जिवावर बेततो. भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी गोव्यात बांधलेल्या 'तारिणी' नौकेतून २०१७-१८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली. परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाल्याने त्यांना मॉरिशसच्या बंदरात थांबावे लागले. दुरुस्ती झाल्यावर २१ मे २०१८ रोजी त्या सुखरूप गोव्यास पोहोचल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हिंदी महासागरातील वादळात अभिलाष टॉमी यांच्या 'थुरिया' नौकेची डोलकाठी मोडली. पाठीला जबर दुखापत झालेल्या टॉमींची तीन दिवसांनी सुटका झाली. वादळ माणसाच्या हाती नसते. परंतु निघण्यापूर्वी प्रत्येक तार, झडप व सील तपासणे त्याच्या हाती असते. वाघिणीखाली काम करणाऱ्या कामगाराला आणि शिडाखाली उभ्या असलेल्या खलाशाला हीच दक्षता तारते.

शब्दार्थ

वाघीण – मालगाडीचा डबा
डोलकाठी – शीड बांधण्याचा उंच खांब
दट्ट्या – सिलिंडरात मागेपुढे सरकणारा भाग

स्वाध्याय

१. मोठ्या दट्ट्यावर बळ वाढते, तेव्हा कोणती गोष्ट कमी होते?
२. गळती बोटाने का चाचपू नये?
३. 'केवळ सील बदलणे म्हणजे दुरुस्ती नव्हे' हे विधान स्पष्ट करा.